काच शाबूत आहे

९ फेब्रुवारी १९८१

ताई,

नमस्कार. आधी बातमी, मग खुशाली. मेट्रोच्या मोजणी खात्यात माझी नेमणूक झाली. ज्या मेट्रोसाठी आप्पांनी आठ वर्षं फावडं मारलं, तिच्याच कचेरीत मला टेबल मिळालं आहे. आप्पा असते तर म्हणाले असते, "बसायच्या आधी टेबल सरळ आहे का बघ."

आता कामाचं. पहिली लाइन तुला आठवत असेलच. सगळा मोठा रस्ता उकरून ठेवला होता, वर फळ्या टाकल्या होत्या, आणि शाळेत जाताना आपण फटींतून आप्पा दिसतात का बघायचो. ती लाइन नदीपाशी थांबली, कारण पलीकडे, म्हणजे आपल्या गल्लीकडे, माती भुसभुशीत आणि पाण्याने भरलेली. उघडा चर तिथे उभाच राहिला नसता. पुढे वीस वर्षं नुसते नकाशे निघाले. आता दुसरी लाइन नदीखालून जाणार, पंचवीस मीटर खोल, रस्त्याला हात न लावता. खाली यंत्र पोखरत पुढे सरकेल आणि मागोमाग लोखंडी कड्या बसवत जातील. वरच्या माणसाच्या कपातला चहासुद्धा हलणार नाही, असं आमचे साहेब सांगतात.

लाइन बरोबर आपल्या घराखालून जाते. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येऊन इमारतीतल्या जुन्या भेगांवर काचेच्या पट्ट्या बसवणार आहे. बोटभर रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना प्लास्टर. भेग केसभर सरकली तरी काच तडकते. नियमाप्रमाणे दर महिन्याला आमच्या माणसाने येऊन बघायचं, पण घरं चारशे आणि माणसं दोन. तुमच्या इमारतीच्या पट्ट्या तूच बघ आणि पत्राने कळव. टेलिफोन नको, मला तारखेसकट कागद लागतो. तुझा डोळा आमच्या दुर्बिणीपेक्षा बरा आहे.

हे पत्र कार्बन ठेवून लिहितो आहे. हसू नकोस, खात्याची सवय आहे.

तुझा
फुटपट्टी


२ मार्च १९८१

चि. फुटपट्टीस,

आशीर्वाद. तू येऊन पट्ट्या चिकटवून गेलास आणि जाताना माझा चांगला ब्रश घेऊन गेलास. तो परत पाठव.

कार्बनचं सांगायची गरज नव्हती. कागद उलटा करून बोट फिरवलं की कळतं, अक्षरं मागून फुगलेली असतात. वीस वर्षं पुस्तकं बांधते आहे, कागदाची पाठ मला आधी वाचता येते. बहिणीला पत्र लिहिताना एवढं दाबून कोण लिहितं रे? पण बरं वाटलं. घरात एक तरी माणूस साहेब झाला, आणि तोही आप्पांच्या मेट्रोत.

वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका तुझ्यावर रुसले आहेत. तुला पहिली फुटपट्टी त्यांनीच दिली होती आणि तू त्यांना न भेटता गेलास. त्यांचं म्हणणं, काचेपेक्षा त्यांचं उभं घड्याळ जास्त हुशार आहे. जमीन कलली की लंबक लंगडतो म्हणे, टिक मोठी आणि टॉक छोटी होते. मी म्हटलं, काका, तुम्हीच आता लंगडता, घड्याळाचं काय घेऊन बसलात. तासभर बोलले नाहीत माझ्याशी.

तीनही पट्ट्या पाहिल्या. जिन्याजवळची, दुकानातली, काकांच्या दारावरची. काच शाबूत आहे.

ताई


११ ऑक्टोबर १९८१

फुटपट्टी,

एक चूक झाली आहे. रागावू नकोस.

मंगळवारपासून खालून घरघर येते आहे, चक्की चालल्यासारखी. तुझं यंत्र आलं असणार. गोंदाच्या भांड्यावर वलयं उठतात, बाकी काही नाही. पण छताची धूळ खाली पडते, म्हणून काल ओल्या फडक्याने भिंत पुसून घेतली. आज सकाळी बघते तर जिन्याजवळची पट्टी मधोमध तडकलेली. माझाच हात लागला असणार.

पट्टी तडकली की काम थांबतं आणि मोजणाऱ्याला जाब विचारतात, हे तूच सांगितलं होतंस. तुझी नोकरी अजून वर्षाचीही नाही. म्हणून मी काय केलं, तसबिरीच्या काचेची तशीच पट्टी कापली आणि प्लास्टर कालवून बसवून टाकली. तुझ्या पट्टीपेक्षा सफाईदार बसली आहे, खोटं कशाला बोलू. पण मन खातंय म्हणून लिहिते. हे बरोबर केलं ना?

काकांची गंमत ऐक. घड्याळाच्या एका पायाखाली घालायला माझ्याकडून पुठ्ठ्याचा तुकडा मागून नेला. तीन दिवसांनी दुसरा. "इमारत नदीकडे झुकते आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांना आता म्हातारचळ लागला आहे, आपण हो म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

ताई


१५ ऑक्टोबर १९८१

ताई,

तुझं पत्र मिळालं. काळजीचं अजिबात कारण नाही. काच तुझ्या फडक्यानेच गेली. पहिल्यापासून तुझा हात जड, मला आंघोळ घालताना कान सोलून काढायचीस. नवी बसवलीस ते उत्तम केलंस, माझ्या माणसांनाही एवढी नीट जमत नाही.

फक्त हे कुणाला बोलू नकोस, काकांना तर मुळीच नाही. दर महिन्याला पत्रात ठरलेलं वाक्य लिहीत जा, माझा तक्ता त्यावरून भरतो.

आणखी एक. माझी पत्रं घरात ठेवत जाऊ नकोस. खात्याच्या कामाचा मजकूर असतो, कुणाच्या हाती लागला तर माझ्यावर बालंट येईल. वाचून झाली की जाळून टाक. तुझी मात्र सगळी पत्रं मी नीट फाईल करून जपून ठेवली आहेत.

ब्रश पुढच्या खेपेला आणतो.

तुझा
फुटपट्टी


२० फेब्रुवारी १९८२

चि. फुटपट्टीस,

तू सांगितलंस तसं केलं. तुझी पत्रं चुलीत घातली. घालताना जिवावर आलं, पण तुझ्या नोकरीपुढे कागदाचं काय. तू माझी पत्रं जपतोस हे वाचून मात्र डोळ्यांत पाणी आलं. आमच्या धंद्यात जपून ठेवण्यासारखी वस्तू आणणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला आपोआप चांगलं माणूस समजते.

आता ऐक. दुकानातली पट्टीही तडकली. या वेळी मी फडकं लावलं नव्हतं. मी त्या भिंतीकडे फिरकलेसुद्धा नव्हते. तरी नवी बसवली, कारण तुझं यंत्र आता नदीखाली आहे असं पेपरात आलं आहे आणि अशा वेळी थांबवणं धोक्याचं असतं म्हणे.

दुकानाचं दार खालून घासतं. टेबलावर ठेवलेली पेन्सिल नदीच्या बाजूला घरंगळते. काकांनी चौथा पुठ्ठा नेला. मी पहिल्यासारखी हसले, पण वर जाऊन घड्याळ ऐकलं. लंगडतंय ते. मलासुद्धा ऐकू आलं.

मला मोजणीतलं कळत नाही. तू आप्पांची शपथ घेऊन एवढंच सांग की घाबरण्यासारखं काही नाही. तू सांगितलंस की मी काकांनाही समजावीन. वरच्या नर्सबाई दोन लहान मुलांना घेऊन राहतात, त्या रोज मलाच विचारतात, कारण भाऊ मेट्रोत आहे.

काच शाबूत आहे. मी बसवलेली.

ताई


२७ फेब्रुवारी १९८२

ताई,

घाईत लिहितो. जुनं लाकूड हवेने फुगतं, दार त्यामुळे घासतं. काकांचं घड्याळ आपल्या जन्माआधीचं आहे, ते लंगडणारच. घाबरण्यासारखं काही नाही. सगळ्यांना तसं सांग.

गोड बातमी: मला मुख्य भूमापक केलं. नदीखालचा टप्पा एक दिवसही न थांबता पार पडला, पहिल्या लाइनपासून आजवर असं झालं नव्हतं. आप्पांचा फोटो टेबलावर ठेवला आहे.

हेही जाळून टाक.

फुटपट्टी


६ सप्टेंबर १९८२

फुटपट्टी,

शाळेच्या हॉलमधून लिहिते आहे. आमची तीन कुटुंबं इथे आहेत, मध्ये चादरी बांधून.

गुरुवारी दुपारी चार वाजता जिना गेला. आधी दाराची चौकट वाजली, मग वरच्या मजल्याचा टप्पा सबंध खाली आला. काका पत्रपेटी बघायला उतरत होते. मांडीचं हाड मोडलं आहे. नर्सबाई आणि मुलांना खिडकीतून शिडी लावून काढलं. माझं दुकान नदीच्या बाजूला एवढं कललं की शेल्फातली सगळी पुस्तकं एका कोपऱ्यात जाऊन पडली. नगरपालिकेच्या माणसाने दारावर लाल फुली मारली आणि आत पाऊल टाकायचं नाही असं सांगितलं. पाडणार आहेत.

घाबरण्यासारखं काही नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. घरोघरी जाऊन सांगितलं. दवाखान्यात काकांपुढे उभं राहायची माझी हिंमत होत नव्हती. तर तेच म्हणाले, "तुला तरी कुठे माहीत होतं?"

आता चौकशी नेमली आहे. मेट्रोमुळे घर गेलं असं ठरलं तर घराच्या जागी घर मिळेल. नाही ठरलं तर आम्ही रस्त्यावर. काकांना या वयात कोण खोली देणार? तू खात्याचा मुख्य माणूस आहेस, ये आणि खरं काय ते सांग. काचेचं मीही सांगेन, लागेल तो ठपका घेईन. सगळ्यांना धीर आहे तो तुझाच. नर्सबाईंची धाकटी विचारते, फुटपट्टीमामा कधी येणार?

ताई


१४ सप्टेंबर १९८२

ताई,

ऐकून वाईट वाटलं. काकांना नमस्कार सांग.

चौकशीला मी हजर राहीन. तू काचेबद्दल आपणहून काही बोलू नकोस, उगाच गुंता वाढेल. माझ्या हातात जे आहे ते मी मांडतो. माझ्यावर सोड.

फुटपट्टी


१९ जानेवारी १९८३

मुख्य भूमापक यांस,

तुला तू म्हणू की तुम्ही, हे कळेना, म्हणून आधी हुद्दा लिहिला. तोंडात तूच येतं, त्याला इलाज नाही.

मी पहिल्या ओळीत बसले होते. तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती, वर पिशवी ठेवून. तू समोरच्या टेबलामागे जाऊन बसलास. मला वाटलं, साक्ष द्यायची म्हणून तिथे बसवलं असेल. मग तू फाईल उघडलीस आणि मला माझं अक्षर दिसलं.

माझ्या पत्रांना तू भोकं पाडली होतीस, फाईलच्या तारेसाठी. एका पत्रात भोक 'आशीर्वाद' या शब्दातूनच गेलं होतं. मी बांधायला आलेल्या कुणाच्याही कागदाला असं केलं नसतं.

तुमच्या वकिलाने वाचलं. दर महिन्याचं "काच शाबूत आहे" वाचलं, तारखांसकट, अठरा वेळा. मग "तसबिरीच्या काचेची पट्टी कापली" हे दोनदा वाचलं. रहिवाशांनी मापनाच्या पट्ट्या परस्पर बदलल्या, त्यामुळे खात्याला वेळीच कळू शकलं नाही, सबब जबाबदारी खात्यावर येत नाही. मी बदलल्या. मी, एकटीने. नर्सबाईंचं घर गेलं ते माझ्यामुळे, असं भरल्या हॉलमध्ये ठरलं.

तरी ते मी सोसलं असतं. पण मग त्याने काकांचं वाचलं. इमारत कलते अशी एका रहिवाशाची तक्रार होती, परंतु त्यांच्या शेजारणीनेच लिहिलं आहे की त्यांना म्हातारचळ लागला आहे. लोक हसले. काका चाकाच्या खुर्चीत माझ्या मागेच होते. त्यांनी कुणाला तरी सांगून खुर्ची दाराकडे नेली. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत, आणि या वेळी तासाभराचं काम नाही.

मी उठून म्हणाले, याची उत्तरंही आहेत, भावानेच सांगितलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "कुठे आहेत?" मी म्हटलं, जाळली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हटलं, त्याच्याकडे कार्बन आहेत, तो प्रत्येक पत्राचा ठेवतो. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं.

आणि तू म्हणालास, "घरच्या पत्रांचे कार्बन कोण ठेवतं?"

तुझा आवाज जराही हलला नाही. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलं आहे, खोटं बोलताना तुझा डावा कान लाल व्हायचा. तोही झाला नाही. एवढी सवय तुला कधी लागली रे? तू पत्रं जपतोस म्हणून मी रडले होते. तू मला जपत नव्हतास, पुरावा जपत होतास.

आप्पांचा फोटो टेबलावरून काढ. ते या लाइनीसाठी खपले नव्हते.

ताई


२२ मार्च १९८३

ताई,

दोन महिने लिहायला बसतो आहे. आज लिहून टाकतो.

काच तुझ्या फडक्याने तडकली नव्हती. फडक्याने काच तडकत नाही. तुझं पत्र येण्याच्या आठवडाभर आधीच यंत्राने तुमच्या गल्लीखाली ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माती ओढली होती, वर पोकळी राहिली होती. मला माहीत होतं. साहेब म्हणाले, आता थांबलो तर यंत्र या चिखलात अडकेल आणि लाइन दहा वर्षं मागे जाईल. पाहणीच्या तक्त्यांवर तर माझी सही होती, मी एकदाही न येता केलेली. तुझं पत्र आलं आणि मला वाट सापडली. तू स्वतःवर दोष घेतला होतास, मी फक्त तो तुझ्याकडे राहू दिला. काकांचं घड्याळ बरोबर होतं. तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा जिना शाबूत होता.

मी वाईट माणूस नाही, ताई. एक सही झाली आणि पुढची तिच्यामागून करावी लागली. मला दोन मुली आहेत.

पाच एप्रिलला लाइन सुरू होते. नदीखालून शहर पहिल्यांदा जोडलं जाणार. सोबत पहिल्या गाडीचा पास ठेवला आहे. आप्पांनी पहिल्या लाइनीच्या पहिल्या गाडीत तुला बोटाला धरून आणि मला खांद्यावर बसवून नेलं होतं. माझ्याशेजारी बस, बोलली नाहीस तरी चालेल.

हे वाचून जाळून टाक. एवढं शेवटचं ऐक.

तुझा
फुटपट्टी


३० मार्च १९८३

फुटपट्टी,

पास परत पाठवते आहे. ज्या लाइनीने माझं घर खाल्लं तिच्या पोटात बसून मी टाळ्या वाजवणार नाही.

तुझं पत्र वाचायच्या आधी सवयीने उलटं केलं आणि बोट फिरवलं. पाठ गुळगुळीत होती. पुन्हा फिरवलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. "घाबरण्यासारखं काही नाही" हे दाबून लिहिलं होतंस, त्याची प्रत तुझ्याकडे आहे. खरं मात्र एवढं हलक्या हाताने लिहिलंस की त्याची प्रत कुठेच राहू नये. पाठ बघितल्यावर पत्राचं पोट वाचायला मला घाई उरली नाही.

स्टोव्ह पेटलेलाच होता. त्यावर मी चहा ठेवला, दोन कप गाळले आणि पत्र घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला काकांच्या चादरीपाशी गेले. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. त्यांनी चहा घेतला नाही. मी म्हटलं, काका, पत्र आलं आहे, तुमच्याबद्दलही आहे. ते म्हणाले, "माझ्याबद्दलचं मोठ्याने वाचायची पद्धत आहे ना तुमच्यात? मग वाच मोठ्याने."

वाचलं. चादरींच्या पलीकडून नर्सबाई आल्या, मुलं आली. "काकांचं घड्याळ बरोबर होतं" हे त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग उशाखालून एक पुडकं काढलं. घड्याळ जिन्याबरोबर गेलं, पण त्याच्या पायाखालचे पुठ्ठे ढिगाऱ्यातून त्यांनी शोधून आणवले होते. सात. प्रत्येकाच्या मागे त्यांच्या बारीक अक्षरात तारीख. पहिला पुठ्ठा ६ ऑक्टोबरचा आहे, माझ्या फडक्याच्या चार दिवस आधीचा. मला म्हातारचळ वाटत होता तेव्हा ते मोजत होते, आणि तुझ्यापेक्षा नीट.

"पोरगं मोजायला हुशार होतं," एवढंच ते तुझ्याबद्दल म्हणाले. चहा गार झाला होता तरी प्यायले.

तुझं पत्र आणि सात पुठ्ठे मी एकत्र बांधले आहेत. गोंद लावला नाही, शिवले आहेत, मेणाच्या दोऱ्याने. एकही पान मागे खूण न ठेवता काढता येणार नाही. भोकं पाडावी लागली, पण समासात पाडली, तुझा एकही शब्द तुटलेला नाही. पुठ्ठ्यांवरची धूळ झाडायला ब्रश हवा होता, ते काकांच्या घड्याळाच्या जुन्या ब्रशावर भागवलं. माझा अजून तुझ्याकडेच आहे.

पत्र जाळलं नाही. परवा सकाळी दहा वाजता मी आणि काका ते चौकशीच्या कचेरीत देणार आहोत. नर्सबाई खुर्ची ढकलायला येणार आहेत.

तुला आधी कळवते आहे. माझ्या वेळी तू एवढंही केलं नव्हतंस.

ताई